चौघांचा प्रोजेक्ट एकट्याच्या गळ्यात पडलाय, आता काय करायचं?

तुझा प्रश्न दोनदा वाचला. आधी थोडक्यात मांडते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही कळेल. फायनल इयर, चौघांचा ग्रुप, विषय जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करतात त्या कारखान्यात, येणाऱ्या कापसाची आणि तयार होणाऱ्या गाठींची नोंद ठेवणारं ॲप, सेमिस्टरच्या शेवटच्या प्रेझेंटेशनला पाच आठवडे राहिलेत आणि त्याला एक्सटर्नल, म्हणजे बाहेरचे परीक्षक, येणार. कोडिंग आत्तापर्यंत सगळं तूच केलंस. एक जण ग्रुपवर फक्त अंगठा टाकतो, दुसरा दिवाळीपासून कॉलेजात दिसलाच नाही, तिसरी अमळनेरहून जळगावला अप-डाऊन करते आणि दर वेळी "काय करू सांग" एवढंच विचारते. तिने एकदा लॉगिनचं पान करून दिलं होतं, ते तुला पटलं नाही म्हणून तू रात्री बसून परत लिहिलंस. आणि आता विचारतोयस की सरांना सांगू का, दोघांची नावं काढायला लावू का, की गपचूप एकट्यानेच उरकून टाकू.

मी जळगाव जिल्ह्यातल्याच एका इंजिनीअरिंग कॉलेजात शिकवते, १७ वर्षं झाली प्रोजेक्ट गाईड करतेय, आणि दर वर्षी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये एक तरी पोरगं माझ्या केबिनच्या दारात उभं राहून हेच विचारतं, त्यामुळे तुझा वैताग मला नवा नाही आणि खोटाही वाटत नाही. पण तू जे तीन पर्याय दिलेस ना, ते तिन्ही शेवटच्या टोकाचे आहेत. त्याआधी जे करायचं असतं ते तुमच्या ग्रुपमध्ये अजून झालेलंच नाही. तुमच्याकडे काम वाटलेलं नाहीये. चार नावं एका कागदावर आहेत, एवढंच.

हे मी तुला दोष द्यायला म्हणत नाहीये. फ्रान्समध्ये रिंगलमान नावाचे एक शेतीचे इंजिनीअर होते, त्यांनी माणसांना दोरी ओढायला लावून जोर मोजला होता, १९१३ साली ते छापून आलं. एकटा माणूस जेवढा जोर लावतो तेवढा तो गटात लावत नाही, आणि आठ जण झाले की प्रत्येकाचा वाटा एकट्याच्या जवळपास निम्म्यावर येतो. लोक म्हणाले की आठ जणांचा ताल जुळत नसेल म्हणून होत असेल. मग १९७४ मध्ये अमेरिकेत परत तसाच प्रयोग झाला, त्यात डोळ्यांवर पट्टी बांधून माणसाला सांगितलं की तुझ्यामागे अजून पाच जण ओढतायत, खरं तर मागचे नुसते ओढल्याचं नाटक करत होते, तरी त्याचा जोर कमी झाला. म्हणजे नुसता ताल नाही, मनसुद्धा ढिलं पडतं. आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात कामाची गोष्ट १९८१ ची आहे, तेव्हा लोकांना गटाने ओरडायला लावलं होतं. प्रत्येकाला सांगितलं की तुझा आवाज वेगळा मोजला जाणार आहे, तर गटातसुद्धा माणसं एकट्याइतकीच जोरात ओरडली. माणसं तीच होती, आपलं काम दिसतंय की नाही एवढाच फरक.

आपल्याकडे रावेर-सावद्याच्या बाजूला केळीची कापणी चालू असेल तर कधी अर्धा तास बांधावर उभा राहून बघ. एक जण कोयत्याने घड उतरवतो, दुसरा खांद्यावर चुंबळ-पोतं घेऊन तो झेलतो नि बाहेर नेतो, गाडीत एक जण केळीची पानं अंथरून घड रचतो. घड आपटला की कुणाच्या हातून आपटला ते तिथल्या तिथे सगळ्यांना दिसतं, कुणाला विचारावं लागत नाही. तिथे कुणी कुणावर ओरडत नाही आणि गाडी वेळेत भरते. प्रोजेक्टमध्ये हे दिसणं नसतं, ते आपल्याला मुद्दाम तयार करावं लागतं.

आता वाटणी कशी करायची. बहुतेक ग्रुप "तू कोडिंग, तू रिपोर्ट, तू पीपीटी, तू टेस्टिंग" असं करतात, आणि माझ्या मते सगळी गडबड इथेच सुरू होते. रिपोर्टवाला कोडिंग होईपर्यंत रिकामा बसतो, टेस्टिंगवाल्याकडे टेस्ट करायला काही येतच नाही, आणि कोडिंगवाला मरतो. वर एक्सटर्नलने पीपीटीवाल्या पोराला विचारलं की हा डेटा कुठे सेव्ह होतो, तर तो तुझ्या तोंडाकडे बघतो. शेताची वाटणी करताना म्हातारी माणसं काय करायची? एकाला सगळी काळी आणि दुसऱ्याला सगळी बरड असं देत नव्हते, प्रत्येकाला थोडी काळी, थोडी बरड, आणि प्रत्येकाच्या तुकड्याला रस्ता. तशी वाटणी कर. तुझ्या ॲपमध्ये गाडी आल्यावर वजनाची नोंद हे एक काम, शेतकऱ्याची पावती हे दुसरं, गाठींचा नंबर आणि वजन हे तिसरं, महिन्याचा हिशोब हे चौथं. एकेका माणसाला एकेक काम स्क्रीनपासून डेटाबेसपर्यंत पूर्ण द्यायचं, आणि त्या कामावरची रिपोर्टची दोन-तीन पानंही त्यानेच लिहायची, प्रेझेंटेशनमधली त्याची स्लाईडही त्यानेच बोलायची. ज्याला कोडिंग कमी येतं त्याला सोपं काम दे, पण पूर्ण दे. पावती प्रिंट करणं हे काम सोपं आहे, तरी त्यात चार गोष्टी शिकायला मिळतात.

आणि काम सांगताना "लॉगिनचं बघून घे" असं सांगू नकोस. "बघून घे" म्हणजे काय ते ज्याला येतं त्यालाच कळतं. त्याऐवजी असं लिही: "गुरुवारी दुपारपर्यंत, गाडीचा नंबर नि वजन टाकलं की ते टेबलमध्ये सेव्ह झालं पाहिजे, वजनाच्या जागी अक्षर टाकलं तर मराठीत चूक दाखवली पाहिजे, मोबाईलवर चालवून दाखवायचं." नाव, दिवस, आणि काय दाखवायचं, या तीन गोष्टी असल्या की माणूस हलतो. दोन-तीन दिवसांत संपेल एवढंच काम एका वेळी दे, महिन्याचं काम दिलं तर ते शेवटच्या दोन रात्रीच होणार, हे मी तुला लिहून देते.

आता मघाशी म्हटलेल्या त्या लॉगिनच्या पानाबद्दल बोलू, कारण मला तुझ्या सगळ्या प्रश्नात तेच जास्त लागलं. ती मुलगी अप-डाऊन करून, घरी गेल्यावर घरचं आवरून, ते पान करून आणते. तू रात्री ते पुसून नवीन लिहितोस आणि सकाळी ग्रुपवर टाकतोस की झालं. तुझं पान चांगलंच असेल, पण तिला काय कळलं? तिला कळलं की मी केलेलं चालत नाही. त्यानंतर ती "काय करू सांग" एवढंच विचारते असं तू म्हणतोस, तर तिचं चुकत नाहीये बाळा. मी बघितलेल्या बऱ्याच ग्रुपमध्ये हुशार पोरगं असंच करतं, मनात काही वाईट नसतं, ग्रेडची काळजी असते, पण सहा महिन्यांनी ते एकटंच उरतं नि मग म्हणतं बाकीचे काही करत नाहीत. दुसऱ्याचं काम कच्चं असेल तर त्याच्या शेजारी बसून दोन चुका दाखव, कीबोर्ड त्याच्याच हातात राहू दे. अर्धा तास जास्त जाईल, जाऊ दे. तिच्या कोडमध्ये रंग आवडला नाही, नावं वेगळी दिली आहेत, एवढ्यासाठी तर हातसुद्धा लावू नकोस.

दिवाळीपासून न आलेल्या मुलाबद्दल मी इथून काही ठरवू शकत नाही, आणि तूही अजून ठरवू नकोस. आपल्याकडे ऑक्टोबर-नोव्हेंबर म्हणजे कापूस वेचणी, मजूर मिळत नाहीत, मग घरचीच पोरं शेतात लागतात आणि बरेच जण हे कॉलेजात सांगत नाहीत, लाज वाटते. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक ग्रुप होता, जमिनीतला ओलावा बघून ठिबकची मोटर चालू-बंद करायची असा विषय. त्यातला यावल तालुक्यातला एक जण मीटिंगला येतच नव्हता, बाकीचे तिघं त्याचं नाव काढा म्हणून माझ्याकडे आले होते. मी त्याला बोलावून एकट्याला विचारलं. वडिलांचं ऑपरेशन झालेलं आणि घरची केळीची बाग तोच बघत होता, सकाळी पाणी, दुपारी खत, रात्री नऊनंतर मोकळा. आता बघ, चौघांत खरी ठिबक असलेली बाग फक्त त्याच्याकडे होती आणि त्यालाच कुणी काही विचारलं नव्हतं! पहिल्याच दिवशी त्याने सांगितलं की सेन्सर ड्रिपरच्या, म्हणजे थेंब पडतो त्या तोंडाच्या, एकदम खाली रोवलाय तुम्ही, तिथे दोन मिनिटांत ओल होते, सेन्सर म्हणतो बस झालं, मोटर बंद, आणि मुळ्यांच्या बाकीच्या भागाला पाणी गेलेलंच नसतं. तिघं महिनाभर प्लॅस्टिकच्या कुंडीत प्रयोग करत होते, त्यांना हे सुचणं शक्यच नव्हतं. मग त्याला बागेतून रोजचे रीडिंग घ्यायचं काम दिलं, रात्री नऊनंतर फोटो नि आकडे टाकायचे, आणि त्याने एकही दिवस चुकवला नाही.

तर तू आधी फोन कर. ग्रुपवर लिहू नकोस, ग्रुपवर टाकलेला मेसेज म्हणजे चौकात मारलेली हाक, ज्याच्यासाठी मारली तोच मान खाली घालून निघून जातो. फोनवर "तू काहीच करत नाहीस" असं सुरू करू नकोस, विचार की घरी सगळं ठीक आहे ना, दिवसातून किती वेळ निघतो आणि कधी निघतो. एवढं ऐकून घे आणि मग त्या वेळात बसेल असं काम दे. तो जर शेतकरी घरचा असेल तर जिनिंगवर गाडी लावल्यापासून पैसे हातात पडेपर्यंत काय काय होतं, वजन कुठे होतं, पावतीवर काय लिहितात, हे त्याला तुझ्यापेक्षा जास्त माहीत असणार. हे विचारलंस का कधी?

अंगठावाल्याचं थोडं वेगळं आहे. अंगठा म्हणजे बहुतेक वेळा "मला कळलं नाही पण विचारायला लाज वाटते" असतं. त्याच्याबरोबर एक तास बस, सगळं ॲप त्याच्या लॅपटॉपवर चालू करून दे. अर्ध्या पोरांच्या मशीनवर प्रोजेक्ट रनच होत नसतो आणि ते कुणाला सांगत नाहीत, नुसते अंगठे टाकत राहतात. हे झाल्यावरही तो हलला नाही तर त्याचा विचार पुढे करू. आणि कुणी "विकतच घेऊन टाकू ना रेडिमेड" म्हणालं तर तिथेच नाही म्हण. दुसऱ्याच्या कोडवर एक्सटर्नलने तिसरा प्रश्न विचारला की चौघंही बुडतात.

आठवड्यातून एक ठरलेली भेट ठेवा. चौघांच्या चार सवडी सांभाळायला गेलात तर भेट होतच नाही, म्हणून जिला सगळ्यात लांबून यायचं तिच्या गाडीची वेळ बघून एकदाच दिवस ठरवा आणि तो हलवू नका. जो शेतात आहे तो फोनवरून जोडला तरी चालेल. वीस-पंचवीस मिनिटं पुरतात. प्रत्येकाने नुसतं बोलायचं नाही, दाखवायचं. "झालंच आहे, थोडंसं राहिलंय" हे वाक्य आमच्या लॅबमध्ये मी चालू देत नाही, स्क्रीनवर जे दिसेल तेवढंच झालं. शेवटी पुढच्या आठवड्याची चार कामं वहीत लिहा, प्रत्येकापुढे नाव आणि दिवस, आणि त्या पानाचा फोटो ग्रुपवर. गुगल शीट ठेवली तरी चालेल, पण मला वहीच बरी वाटते, कारण लिहिताना सगळे वाकून बघतात. चार माणसांत आपसातल्या सहा जोड्या होतात, सहा माणसांचा ग्रुप असेल तर पंधरा, म्हणजे "मला वाटलं तू त्याला सांगितलंस" हे होणारच, तो फोटो त्यासाठी.

एक गोष्ट पोरं हमखास विसरतात, ती म्हणजे जोडणं. चौघांनी आपापले भाग चांगले केले तरी ते एकमेकांना जोडणं हे स्वतंत्र काम असतं आणि ते शेवटच्या रात्रीवर ढकललं जातं. त्याच ठिबकच्या ग्रुपचं सांगते. सेन्सरवाल्याचं काम चोख, प्रोग्रॅमवाल्याचंही चोख, प्रेझेंटेशनच्या आदल्या रात्री दोन्ही जोडलं, तर ओल्या मातीत मोटर चालू आणि कोरड्या मातीत बंद! रात्री अकरापर्यंत पोरं रिलेच्या, म्हणजे मोटर चालू-बंद करणाऱ्या स्विचच्या, वायरी बदलत होती, मला फोन आला, मी म्हटलं सेन्सर हातात धरा आणि हवेत किती आकडा येतो ते आधी मला वाचून दाखवा. त्या सेन्सरचा आकडा ० ते १०२३ मध्ये येतो आणि माती जितकी कोरडी तितका आकडा मोठा. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने उलटं धरलं होतं, आकडा मोठा म्हणजे ओल जास्त. एक चिन्ह फिरवलं नि सगळं चालू झालं. तीन तास आणि चौघांची भांडणं त्या एका चिन्हापायी, आणि दोघांनी पहिल्या आठवड्यात पाच मिनिटं एकत्र बसून एक वाक्य लिहून ठेवलं असतं तर हे झालंच नसतं. तुझ्याकडे तेच होईल, कापसाचं वजन कुणी किलोत धरेल, कुणी क्विंटलमध्ये, आणि महिन्याचा हिशोब शंभर पटीने चुकेल. आजच ठरवा आणि लिहा. आणि दर आठवड्याच्या भेटीत सगळ्यांचं एकत्र जोडून चालवून बघा, अर्धवट असलं तरी.

सरांना सांगावं का? हे तुझ्या कॉलेजात मार्क कसे देतात आणि तुझे गाईड कसे आहेत त्यावर आहे. काही ठिकाणी चौघांना सारखे मार्क पडतात, काही ठिकाणी प्रत्येकाचे वेगळे. मी गाईड म्हणून सांगते, शेवटच्या आठवड्यात "मॅडम, तो काहीच करत नाही" म्हणून कुणी आलं तर माझ्या हातात फारसं काही उरत नाही. तेच पाच आठवडे आधी कुणी वहीची पानं घेऊन आलं, की ही कामं वाटली, या तारखा, हे झालं, हे राहिलं, तुम्ही एकदा आमच्या भेटीला येऊन बसा, तर मी नक्की जाते आणि बऱ्याचदा तेवढ्यानेच फरक पडतो. त्यामुळे सांग, पण तक्रार म्हणून नको, मदत माग. नाव काढायची गोष्ट दोन आठवडे तरी मनातून काढून टाक.

आणि हेही सांगते, कधीकधी हे सगळं करूनही एखादा हलत नाही. माझ्याकडे असे ग्रुप झालेत. मग आम्ही रिपोर्टमध्ये एक पान घातलं, कुणी कोणता भाग केला त्याचं, चौघांच्या सह्या घेऊन. ज्याच्या नावापुढे काही लिहिण्यासारखं नव्हतं त्याच्यावर कुणी ओरडलं नाही, तोंडी परीक्षेत त्याचं त्यालाच उत्तर द्यावं लागलं. त्याचं काम बाकी तिघांनी वाटून घेतलं आणि त्यासाठी प्रोजेक्टमधली एक गोष्ट कमी केली. तूही लागलं तर महिन्याचा हिशोब सोडून दे, तीन गोष्टी नीट चालणाऱ्या असल्या तर एक्सटर्नल खूश असतो, पाच अर्धवट असल्या तर नसतो.

पाच आठवड्यांत बसवायचं तर मी असं करेन: हा आठवडा फोन, वाटणी आणि सगळ्यांच्या मशीनवर ॲप चालू करणं, मधले तीन आठवडे काम आणि दर आठवड्याला जोडणी, आणि शेवटच्या आठवड्यात नवीन काही लिहायचं नाही, फक्त चुका काढायच्या. रिपोर्ट निदान दहा दिवस आधी तयार ठेवा, शेवटच्या दिवसांत कॉलेजबाहेरच्या झेरॉक्स-बाइंडिंगच्या दुकानात सगळ्या ब्रँचची पोरं एकदम तुटून पडतात. ॲप नीट चालतंय त्या दिवशी मोबाईलवर त्याचा पाच मिनिटांचा व्हिडिओ काढून ठेवा, ऐन वेळी लाइट गेली किंवा नेट गेलं तर तोच दाखवता येतो. प्रेझेंटेशनच्या आधी एकदा कामं अदलाबदल करून बोलून बघा, म्हणजे तुझं तिने समजावून सांगायचं, तिचं तू.

आज रात्री ग्रुपवर काहीच टाकू नकोस. आधी त्या मुलीला फोन कर आणि सांग की लॉगिनचं पान मी तुला न विचारता बदललं, ते माझं चुकलं. मग गाडीच्या वजनाची नोंद तिला दे, पूर्ण, डेटाबेसपर्यंत, आणि गुरुवार सांग. तिचं जुनं पान अजून कुठे सेव्ह असेल तर ते उघडून बघ, मला वाटतं त्यातलं बरंचसं चालण्यासारखं असेल.